मॅडमचे मिस्टर

कागदाच्या दुकानात तो कटरची पाती मागत होता, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?" त्याने वळून पाहिलं. कुरळ्या केसांची एक मुलगी होती. काखेत पुठ्ठ्याची गुंडाळी, बोटांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे. "कुठल्या मॅडम?" त्याने विचारलं, पण विचारतानाच त्याला उत्तर ठाऊक होतं. "आमच्या मॅडम. डिझाइन कॉलेजच्या. मी पहिल्या वर्षाला आहे. त्या दिवशी गेटपाशी तुम्ही त्यांना न्यायला आला होतात ना?" तो न्यायला आलेला नव्हता. त्या गेटातून तो वीसेक वर्षं आत जात होता आणि बाहेर येत होता. "मी तिथेच शिकवतो," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षाला." "अय्या, हो का? काय शिकवता?" मुलगी मनापासून विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणाचा लवलेश नव्हता, आणि हेच जास्त झोंबलं. गल्ल्यावरचा दुकानदार इतकी वर्षं त्याला सर म्हणत आला होता. तो खुदकन हसला. "सर, आता तुमची ओळख बदलली बघा." तोही हसला. हसणं भाग होतं. मग पैसे ठेवून तो निघाला आणि पाती गल्ल्यावरच विसरला. दुकानदाराने हाक मारली ती ऐकू येऊनही तो थांबला नाही. अंधारात जिना उतरताना शेवटच्या पायरीच्या पुढे आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि सगळं अंग हादरावं, तसं काहीतरी त्याच्या आत झालं होतं. लागलं तर काहीच नव्हतं.

चालता चालता त्याने स्वतःला समजावलं की पोरीचं काय चुकलं? पहिल्या वर्षाच्या मुलांना तो शिकवत नाही, त्यांनी त्याला ओळखावं तरी कसं? आणि बायकोला तिथे आणलं कोणी? त्यानेच. पहिल्या वर्षाला शिकवणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा प्रमुखबाईंच्या खोलीत त्यानेच सुचवलं होतं, "आमच्या घरी एक डिझायनर रिकाम्या बसल्यात." सगळे हसले होते. बायकोचं ऑफिस नुकतंच बंद पडलं होतं. तिथे ती खोकी, बाटल्या, बाटल्यांची झाकणं असलं काहीबाही करायची. ती घरात नुसती फिरायची, कपाटं लावायची, लावलेली पुन्हा लावायची. तो तिला म्हणाला होता, "जा थोडे दिवस. तुझंही मन रमेल." मन रमेल हा शब्द त्यानेच वापरला होता. एखाद्याला खेळणं द्यावं तसा. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने त्याला विचारलंही होतं, "पहिल्या दिवशी काय सांगतोस रे तू?" मग तो चहा गार होईपर्यंत बोलला. आकार म्हणजे काय, उपयोग आणि रूप यांचं नातं, कोणत्या काळात कोणी काय मानलं, मग त्याला कोणी विरोध केला. बोलताना त्याला नेहमीप्रमाणे स्वतःचा आवाज आवडत होता. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि तेव्हा मुलं काय करतात?" "काय करणार? ऐकतात." "हं," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. ते हं तेव्हा त्याला कळलं नव्हतं. आता रस्त्यात मध्येच ते काट्यासारखं सलायला लागलं.

सुरुवातीला कॉलेजातले सगळे तिला वहिनी म्हणायचे. हिशेबनीस म्हणायचा, "वहिनी, सही करा." ग्रंथपाल म्हणायची, "वहिनींना माझ्या नावावर पुस्तकं द्या." मग कधीतरी, नक्की कधी ते त्याच्या ध्यानात आलं नाही, तिची मॅडम झाली. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमधल्या टेबलाभोवती मुलं तिला घेरून बसायची. तो लांबच्या टेबलावरून बघायचा. ती फारसं बोलतच नसायची. एखादी मुलगी काहीतरी दाखवायची, ती ते हातात घ्यायची, उलटं करायची, पुन्हा सुलटं करायची आणि दोन शब्द बोलायची. बस्स. आणि ती पोरगी असा चेहरा करून जायची की जणू तिला कोणी गुप्तधनाची जागा सांगितली. हे दोन शब्द कोणते असतात हे कळावं म्हणून त्याचा जीव तळमळायचा. घरी तिला विचारणं शक्य नव्हतं. विचारलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं, आणि तेच त्याला नको होतं.

एकदा बहिणीचा फोन आला. तिच्या मैत्रिणीचा मुलगा पहिल्या वर्षाला होता. "दादा, वहिनीचं काय कौतुक चाललंय रे त्या घरात! पोरगं घरी येऊन स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडून बघतं म्हणे. आई म्हणते, आधी जेव तरी." तो म्हणाला, "छान." "तुझाही तास असतो ना त्यांना?" "पुढच्या वर्षी." "मग तुला सोप्पं जाईल," बहीण म्हणाली. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं की बहीण लहानपणीही अशीच होती. कुठे लागलंय ते न बघता नेमकी तिथेच थोपटायची.

एका दुपारी तो तिच्या वर्गावरून गेला. जायचं कारण नव्हतं, त्याची खोली दुसऱ्या टोकाला होती. दाराला काचेची उभी पट्टी होती. त्यातून त्याला दिसलं की अर्ध्या मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधलेले आहेत आणि ती बरण्या उघडायचा प्रयत्न करतायत. बाकीची मुलं समोर बसून नुसती त्यांचे हात बघत होती. कोणी मदत करत नव्हतं. ती कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. तो तिथे बराच वेळ थांबला, ती आता बोलेल, मग बोलेल म्हणून. शेवटी ती म्हणाली, "सोडा रुमाल. आता मला फक्त एकच सांगा. हात कुठे अडला?" मुलं एकदम बोलायला लागली, एकावर एक. ती फळ्यावर काहीच लिहीत नव्हती. आंधळी कोशिंबीर, तो मनात म्हणाला. बालवाडी. त्याच्याकडे याच विषयावर दोनशे स्लाइड्स होत्या, त्यातल्या कितीतरी त्याने जागून केलेल्या. पकड, घर्षण, मनगटाचा कोन, माणसाच्या पंजाचा सगळा इतिहास. मुलं त्या उतरवून घ्यायची. परीक्षेत लिहायची. आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी केलेल्या किटल्यांना धरायला गेलं की बोटं भाजायची. हे त्याला ठाऊक होतं. आजवर त्याचा दोष त्याने मुलांना दिला होता. काचेवर त्याच्या श्वासाचा ठिपका उमटला होता. ठिपका बाहीने पुसून तो तिथून निघाला, चोरासारखा, आपल्याच कॉलेजात. तरी पुढेही तो अधूनमधून त्या काचेपाशी येऊन उभा राहायचा.

त्या दिवसापासून एक जुनी गोष्ट वर येऊ लागली. बुडवून ठेवलेलं लाकूड यावं तशी. ती दोघं एकाच वर्गात होती तेव्हाची. त्यांना एक म्हातारे मास्तर होते, खोकत खोकत शिकवायचे. त्यांनी सगळ्यांना वाचायचा दिवा करायला सांगितला. त्याने जो केला त्याला पितळेचा बाक होता, तीन सांधे होते, आणि तो का तसा आहे हे सांगणारं त्याचं निवेदन ऐकायला वरच्या वर्गांतली मुलंसुद्धा आली होती. तिने एक पांढरा पत्रा वाकवून त्यात बल्ब बसवला होता. मास्तरांनी दोन्ही दिवे लावले आणि खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून आधी एकाखाली धरला, मग दुसऱ्याखाली. "हिच्या दिव्यात वाचता येतं," ते म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "तुझा दिवा बोलतो छान." सगळा वर्ग हसला. तीही हसली. वर्षअखेरचं पदक मात्र त्यालाच मिळालं. ज्यांनी ते दिलं त्यांनी दिव्याखाली काही वाचून पाहिलं नव्हतं. पुढे त्याने तिला मागणी घातली तेव्हा सगळे म्हणाले, जोडी शोभते. ते खरंही होतं. तिच्या शांतपणावर त्याचा जीव होता. पण आता भर दुपारी रिकाम्या खोलीत बसून त्याच्या लक्षात येत होतं की लग्न करून त्याने ते हसूही घरी आणलं होतं, त्यावर चादर घातली होती आणि इतकी वर्षं आपण त्याच गादीवर झोपत होतो.

सत्र संपलं. पहिल्या वर्षाची कामं तपासायला दुसऱ्या विभागातले दोघं आणि तो, असे तिघं नेमले गेले. शिकवणाऱ्याने हजर राहायचं नाही हा नियम. ती सकाळी घरातून निघताना म्हणाली, "नीट बघ हं. पोरांनी जीव ओतलाय." तो म्हणाला, "मी नीटच बघतो." मुलं एकेक येत होती. टेबलावर वस्तू ठेवत होती. बोलत कमी होती, तिच्यासारखीच. तिच्या बोलण्यातले थांबेसुद्धा त्यांनी उचलले होते. बरोबरचे दोघं खूश होते. तो शांतपणे गुण देत होता, ना कमी ना जास्त, आणि आपण किती न्यायी आहोत याचं त्याला बरं वाटत होतं. मग दुकानातली ती कुरळी आली.

तिची आई मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तिच्याकडे चाव्यांचा हा मोठा जुडगा, सगळ्या चाव्या सारख्या दिसणाऱ्या. वीज गेली की आई दारापाशी उभी राहून एकेक चावी लावून बघायची, आत मुली ओरडत असायच्या. कुरळीने प्रत्येक चावीच्या डोक्यावर लाकडाची छोटी टोपी बसवली होती. एक गोल, एक टोकदार, एकीला मधे खाच, एकीला कडेला दात. "स्वयंपाकघराची खाचेची आहे," ती म्हणाली. "गच्चीची टोकदार. जिन्याची दातांची. बाकीच्या तुम्हीच बघा." आणि तिने जुडगा त्याच्या हातात दिला. त्याने हात टेबलाखाली नेला. सहज, सवयीने. बोटं चाव्यांतून फिरली आणि खाचेवर थांबली. बघावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही. मग टोकदार. मग दात. ती लाकडं त्याच्या बोटांशी अशी बोलत होती की त्याच्या तळहाताला घाम फुटला. इतकं सोपं काम त्याच्या एकाही विद्यार्थ्याने कधी केलं नव्हतं. आणि त्यानेही.

"याचं तत्त्व काय?" त्याने विचारलं.

"तत्त्व म्हणजे... हाताला कळलं पाहिजे."

"ही झाली इच्छा. मी तत्त्व विचारतोय. स्पर्शचिन्हांची व्यवस्था कशी ठरवलीस? हेच आकार का? आधार काय?"

"आईला देऊन बघितलं, सर. जे आकार ती चुकली ते टाकून दिले. सारखं सारखं बघितलं."

"म्हणजे चाचपडत." तो हसला. "चाचपडत तर मांजरही दूध शोधतं. मग इथे यायचं कशाला?"

बरोबरच्या दोघांपैकी एकाने घसा खाकरला. मुलीच्या गालावर खालून वर लाल रंग चढत गेला. तिने जुडगा परत घ्यायला हात पुढे केला. त्याने तिला नापास केलं. बाकीच्यांनी भुवया उंचावल्या, पण या विषयातला जाणता तोच होता. त्याचे गुण सगळ्यांत जड धरले जात. लिहिताना त्याला फार स्वच्छ वाटत होतं, ताप उतरल्यासारखं. संध्याकाळपर्यंत तो स्वच्छपणा आंबला.

ती घरी आली तेव्हा तो पंख्याखाली वर्तमानपत्र धरून बसला होता. तिने पिशवी खाली ठेवली नाही. "तिला नापास केलंस," ती म्हणाली.

"तिला मांडता आलं नाही."

"चाव्या हातात घेतल्या होत्यास?"

"घेतल्या."

"मग?"

त्याने पान उलटलं. पंख्याच्या वाऱ्याने ते पुन्हा मागे आलं. "हे बघ, तुझी मुलं हुशार आहेत, नाही कोण म्हणतंय? पण नुसत्या हाताने भागत नाही. उद्या त्यांना जगापुढे उभं राहून बोलावं लागेल..."

"मग, सापडली का चावी?" तिने विचारलं. ती कधी मध्येच तोडायची नाही. "न बघता?"

खालच्या घरात कोणीतरी भांडी आपटत होतं. त्याचं गप्प राहणं लांबत गेलं, आणि त्यातच सगळं सांगून झालं. तिने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या समोर बसली. "माझ्याशी भांडायचं तर माझ्याशी भांड ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी काय, सोसेन. ती कोवळी पोर आहे रे. आज ती जिन्यात बसून मला विचारत होती, मॅडम, मी हे सोडून दुसरं काही शिकू का? मी तिला काय सांगू? आमच्या ह्यांच्या पोटात दुखत होतं म्हणून?"

"माझ्या पोटात कशाला दुखेल?"

"तू काचेपाशी उभा असतोस. मुलं मला सांगतात. मला वाटायचं, आत येशील. मी वाट बघायची."

त्याच्या कानांपर्यंत उष्णता चढली. पकडलं गेल्याची लाज होतीच, पण तिच्याही खाली काहीतरी होतं. तिने वाट बघितली होती आणि आपण ती संधी घालवली याचा राग. "तुला काय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला. "तुला कधी काही करावंच लागत नाही. मी जन्मभर घासतोय. तू गेलीस, उभी राहिलीस, आणि सगळी पोरं तुझी. म्हातारे मास्तर तुझे. आता कॉलेज तुझं. मी कोण, मॅडमचे मिस्टर!"

ती अनपेक्षितपणे म्हणाली, "मी फुकट उभी राहत नाही रे. बोलायचं नाही म्हणून जीभ चावून धरते. एकेका तासाला काय काय सांगावंसं वाटतं! निम्मं घरी बसून गाळते, उरलेल्यातलं निम्मं वर्गात." मग थोडं हसून, "तुझं बोलणं मला आवडायचं, म्हणून तर केलं लग्न. अजून आवडतं. पण ते माझ्यापाशी बोल ना. पोरांच्या डोक्यावर का ओततोस?" आणि उठताना, "मी प्रमुखबाईंकडे जाणार नाही. मी गेले तर नवरा-बायकोचं भांडण होईल. तू जा."

तो गेला. सकाळी, चहा न घेता. प्रमुखबाई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्याने उभ्या उभ्या सांगितलं की त्या मुलीचं काम उत्तम आहे, माझ्याकडून चुकीचे गुण पडले. "चुकून?" बाईंनी विचारलं. "नाही," तो म्हणाला. "मला ते काम आवडलं, म्हणून." बाईंनी झारी खाली ठेवली आणि त्याला नीट बघून घेतलं. बाकीच्या दोघांना बोलावून गुण बदलता येतील, पण हे मुलीला तुम्ही स्वतः सांगायचं, त्या म्हणाल्या. मग नळ बंद करता करता, "रजेवरच्या बाई काही परत येत नाहीयेत. तुमच्या मिसेसना कायम करावं म्हणते. आणि मुलांची मागणी आहे की दुसऱ्या वर्षालाही त्याच हव्यात. तुमचं काय मत?" एवढा वेळ तो चांगलं वागत होता, आणि आता हे. दुष्काळात तेरावा महिना, तसं. "कायम करा," तो म्हणाला. "पण दुसरं वर्ष माझं आहे. ते मी देणार नाही." "बरं," बाई म्हणाल्या. त्यांना बहुधा हेच उत्तर बरं वाटलं.

कुरळी त्याला लाकडाच्या कार्यशाळेत सापडली. कानशीने काहीतरी घासत होती. तो म्हणाला, "तुझ्या चाव्या बरोबर आहेत. मी चुकलो. मुद्दाम चुकलो." तिने कानस थांबवली, पण ठेवली नाही. "आईला सांगू का, की पास झाले?" "सांग." "ती काल रडली होती," मुलगी म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. भुसा खाली पडत होता, पांढरा, बारीक. तो निघाला.

सुट्टीनंतर तीच मुलं त्याच्यासमोर आली. त्याने नेहमीचा तास काढला होता, पडदा खाली सोडला होता, दिवे मंद केले होते. बसण्याच्या साधनांचा इतिहास. तो बोलू लागला आणि थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात आलं की कोणी लिहून घेत नाहीये. मुलं कंटाळलेली नव्हती. ती थांबली होती, हात मोकळे ठेवून, आता काय करायचं ते तो सांगेल म्हणून. असा वर्ग त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. आधी कोणीतरी राबून तयार केलेल्या जमिनीत उभं राहिल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्याचाही हेवा वाटला. तो आणखी जोरात बोलू लागला. तेवढ्यात कुरळीने हात वर केला. "सर, यातली आजची एक गोष्ट कोणती?"

कोणीतरी हसेल असं त्याला वाटलं. कोणी हसलं नाही. त्याने पडद्याकडे बघितलं. एकामागून एक खुर्च्या, राजांच्या, न्हाव्यांच्या, मजुरांच्या. यातलं एक उचलायचं म्हणजे बाकीचं सगळं टाकायचं. ज्या गोष्टी तो वीसेक वर्षं अंगाखांद्यावर वागवत आला होता त्या सगळ्या. निम्मं घरी गाळते, उरलेल्यातलं निम्मं वर्गात. त्याने मशीन बंद केलं. कोणीतरी दिवे लावले. "जा," तो म्हणाला. "इमारतभर फिरा. दिसेल त्या खुर्चीवर बसा. जिच्यावरून लवकर उठावंसं वाटलं, तिच्याबद्दल येऊन सांगा. कुठे अडलं ते." मुलं क्षणात पांगली. रिकाम्या वर्गात तो एकटा उरला. काय करावं ते त्याला सुचेना. बोलण्याची ऊर्मी घशाशी आली की तो ती गिळत होता. कठीण होतं. उपास केल्यासारखं.

मुलं आली ती भांडतच. ग्रंथालयातली खुर्ची मांडीला कापते. कॅन्टीनची पुढे ढकलते. प्रमुखबाईंची मात्र इतकी मऊ आहे की उठताच येत नाही. प्रमुखबाई खोलीत होत्या का, त्याने विचारलं. होत्या, मुलं म्हणाली, त्यांनीच उठून बसायला दिलं. तो हसला. मग ऐकत राहिला. एक पोरगा ग्रंथालयातल्या खुर्चीची कड हवेत हाताने काढून दाखवत होता, आणि ती चुकीची काढत होता. सुधारायला त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पोराने स्वतःच थांबून हात थोडा खाली आणला. "नाही नाही, इथे आहे ती," तो म्हणाला. "इथे कापते."

संध्याकाळी ती गेटपाशी त्याची वाट बघत उभी होती. "कसा झाला तास?" तिने विचारलं.

"बरा झाला." मग चार पावलं चालून, तिच्याकडे न बघता, "त्यांना तू आधी शिकवलंस म्हणून."

"ही तक्रार आहे का?"

"हो," तो म्हणाला. "तक्रारच आहे."

तिला हसू फुटलं. त्याला नाही. पण रस्ता ओलांडताना त्याने न्हाव्याच्या खुर्चीपासून सुरुवात केली. तासात टाकून द्यावं लागलेलं सगळंच्या सगळं तो तिला सांगू लागला, मोठ्या आवाजात, गाड्यांच्या गोंगाटावर आवाज चढवून, आणि ती त्याच्या बाजूने, मध्ये न तोडता, ऐकत चालली होती.